आंघोळ न करता या

दवाखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एक तर तिथं आधीच बसायला खुर्ची मिळत नाही. शिवाय मी ज्या जागेच्या दुखण्याबद्दल लिहिणार आहे ते वाचून फाउंड्रीतली पोरं उद्या मलाच ओळखतील. बेळगावच्या टिळकवाडीत, पहिल्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान. त्वचेच्या डॉक्टर मॅडम आहेत, मूळच्या हुबळीच्या. एवढ्यावर ज्याला शोधायचं तो शोधेल. पाचपैकी चार तारे देतोय. एक का कापला ते पुढं सांगतो.

मी येळ्ळूरचा. बावीस वर्षं उद्यमबागेत फाउंड्रीत आहे, सध्या पोअरिंगच्या बाजूला सुपरवायझर. लोखंडाचा रस चौदाशे डिग्रीच्या आसपास असतो, रस ओतायची बादली, म्हणजे लेडल, जवळून गेली की तोंड भाजल्यागत होतं. अंगात जाड कापडाचा युनिफॉर्म, कमरेला पट्टा, पायात स्टीलच्या टोपीचे सेफ्टी शूज. आठ तासांत घाम किती जातो ह्याचा हिशोब कुणी ठेवत नाही. मोजे पिळले तर पाणी गळतं, एवढं सांगतो. आमच्यात जांघेत खाज नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. त्यामुळं गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या दोन्ही जांघांत तांबूस-तपकिरी चट्टे उठले तेव्हा मी मनावर घेतलं नाही. नायटा, दुसरं काय असणार?

मेडिकलवाल्यानंही चट्टे न बघताच तेच सांगितलं. आता काउंटरवर उभं राहून मी तरी काय दाखवणार होतो? त्यानं ट्यूब दिली, चार दिवसांत खाज गेली, रंगही उतरला. मी खूश. पंधरा दिवसांनी चट्टा परत, आधीपेक्षा दोन बोटं रुंद. दुसरी ट्यूब, मग तिसरी. मध्ये कामावरच्या एकानं 'ही घ्या, लै पावरफुल' म्हणून आणखी एक सुचवली. असं करत अकरा महिने गेले. बायकोनं रिकाम्या ट्यूबा एका बिस्किटाच्या डब्यात टाकून ठेवल्या होत्या, का ते तिलाच माहीत. दवाखान्यात न्यायला म्हणून मोजल्या तर चौदा निघाल्या.

त्यातल्या नऊ ट्यूबांवर एकाच मलमात चार औषधं होती. बुरशीचं एक, जंतूंची दोन आणि चौथं क्लोबेटासॉल नावाचं स्टेरॉइड. पाठीमागं लाल रेघ, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये अशी सूचना बारीक अक्षरात. ती सूचना मी चष्मा लावून पहिल्यांदा वाचली ती डॉक्टर मॅडमच्या टेबलावर.

तर फोनचं सांगतो. अपॉइंटमेंटसाठी फोन लावला. रिसेप्शनवरच्या मुलीनं नाव, वय, कुठं खाजतंय ते विचारलं आणि शेवटी म्हणाली, "बरुवाग जळका माडब्याड्री." मला वाटलं माझ्या कन्नडमध्ये काहीतरी घोटाळा होतोय. म्हणून मराठीत विचारलं, तर तिनं मराठीतच सांगितलं, "येताना आंघोळ करू नका. निदान तो भाग धुऊ नका."

घरी हे सांगितल्यावर आई उखडली. "डॉक्टरकडं जाताना तरी माणसानं स्वच्छ जावं की गा! भट्टीतला घाम घेऊन जाणारैस काय?" आईचं वय ७८. तिच्यासमोर रिसेप्शनवरच्या पोरीचं काय चालणार? फर्स्ट शिफ्ट तीनला सुटली, घरी आलो, गरम पाणी, जंतुनाशक साबण, एकदा नव्हे दोनदा. इस्त्रीची पँट घालून, पावडर लावून, नवरदेवागत पाच वाजता हजर.

मॅडमनी आधी सगळं ऐकून घेतलं, ट्यूबांचा डबा बघितला, मग आतल्या छोट्या खोलीत नेलं. दिवे बंद केले. हातात एक दिवा घेतला, जांभळा-निळा उजेड, नोटा तपासायच्या मशीनमध्ये असतो तसला. तो जांघेजवळ धरला आणि दहा-पंधरा सेकंद गप्प राहिल्या. मग दिवे लावले.

"आंघोळ केलात?"

"केली की."

"साबण?"

"दोनदा."

त्या हसल्या नाहीत, पण हसू दाबलंय हे कळत होतं. म्हणाल्या, "मला संशय आहे ते एक जंतू आहे. तो चामडीच्या अगदी वरच्या थरात राहतो आणि पॉर्फिरिन नावाचा पदार्थ तयार करतो. ह्या दिव्याखाली तो लाल चमकतो. पण तो पाण्यात विरघळतो. तुम्ही सगळा धुऊन आलात."

थोडक्यात, पुरावा मीच धुऊन टाकला होता.

इथंच दवाखान्याला पहिला तारा. दुसरं कुणी असतं तर संशयावरच गोळ्या लिहून मला मोकळं केलं असतं. मॅडमनी औषध लिहिलं नाही. बोथट पात्यानं चट्ट्याच्या कडेची कोंड्यासारखी चामडी काचेवर खरवडून घेतली, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि शेजारच्या मायक्रोस्कोपखाली स्वतः बघितलं. त्या द्रावणानं चामडीच्या पेशी विरघळतात, बुरशी असेल तर तिचे धागे तेवढे उरतात. जांघेत धागे नव्हते. पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांतून घेतलेल्या काचेवर मात्र होते. म्हणजे मी अकरा महिने बुरशीचं औषध चोळत होतो ते बुरशी नसलेल्या जागी, आणि जिथं होती तिथं काहीच लावलं नव्हतं. "परवा ड्युटीवरून थेट या. जसेच्या तसे. परत फी नाही."

परवा जसाच्या तसा गेलो. युनिफॉर्मवर काळी सँड, गळ्याशी घामाचं मीठ. मी बसल्यावर बाकावरच्या दोन बायका उठून खिडकीपाशी उभ्या राहिल्या. चूक त्यांची नव्हती.

त्या दिवशी जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. साच्यातून काढलेलं कास्टिंग निवत येतं तेव्हा शेवटी शेवटी एक विझता लाल रंग धरतं. त्यात थोडं गुलाबी मिसळा. तसला रंग माझ्या दोन्ही जांघांत, बाहेर साध्या उजेडात दिसणाऱ्या चट्ट्यापेक्षाही पुढंपर्यंत पसरलेला. मॅडम म्हणाल्या, पुस्तकात ह्याला पोवळ्याचा लाल म्हणतात. मग दिवा काखेत धरला, तिथंही एक रुपयाएवढा डाग. पायाच्या शेवटच्या दोन बोटांमध्येही तोच लाल. म्हणजे बोटांत बुरशीही आणि हा जंतूही, दोघं एकाच खोलीत भाड्यानं. मोबाइलवर फोटो काढून मला दाखवला. आजार डोळ्यांनी बघायची माझी ही पहिलीच वेळ. एक्स-रेत डॉक्टरला दिसतं, आपल्याला नुसतं धुकं दिसतं. इथं मला स्वतःला दिसलं.

आजाराचं नाव एरिथ्रॅझ्मा. मी म्हटलं, मॅडम चिठ्ठीवर लिहून द्या, घरी मायक्रोबायॉलॉजीवाली आहे.

माझी थोरली बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला एवढा आनंद माझ्या पगारवाढीलाही झाला नव्हता. "पप्पा, तुम्हाला कोरिनेबॅक्टेरियम झालंय!" पूर्ण नाव कोरिनेबॅक्टेरियम मिन्युटिसिमम. कोरिने म्हणजे ग्रीकमध्ये सोटा. हे जंतू एका टोकाला फुगीर, भीमाच्या गदेसारखे दिसतात, आणि विभागल्यावर एकमेकांना कोन करून पडतात, त्यामुळं मायक्रोस्कोपखाली चिनी अक्षरं लिहिल्यागत वाटतं म्हणे. धाकट्यानं लगेच विचारलं, मग पप्पांच्या तिथं काय लिहिलंय? त्याला एक फटका मिळाला.

तिनं रात्री बसून जे शोधून काढलं त्यातलं एक मला फार भावलं. हा आजार १८५९ मध्ये जर्मनीत बुर्कहार्ट नावाच्या डॉक्टरनं पहिल्यांदा नोंदवला. १८६२ मध्ये बेरेनस्प्रुंग ह्यांनी त्याला एरिथ्रॅझ्मा नाव दिलं आणि कारण म्हणून एका बुरशीचं नाव लावून टाकलं. मिन्युटिसिमम म्हणजे अतिशय बारीक, हा शब्द त्या बुरशीच्या नावातूनच आलाय. हे धागे एवढे बारीक कसे, असा प्रश्न कुणाला पडला असेल-नसेल, पण त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं पुस्तकांत हा बुरशीचाच आजार राहिला. १९६१ मध्ये सार्कनी, टॅपलिन आणि ब्लँक ह्या तिघांनी दाखवून दिलं की ही बुरशी नाही, बॅक्टेरिया आहे. हे ऐकल्यावर मेडिकलवाल्यावरचा माझा राग निम्मा उतरला. जिथं प्रोफेसर लोक शंभर वर्षं चुकले तिथं तो बिचारा काउंटरवरनं, तेही न बघता, काय ओळखणार? उरलेला निम्मा राग स्टेरॉइडसाठी शिल्लक ठेवलाय. जांघेतली माझी चामडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली आहे आणि बाळंतिणीच्या पोटावर असतात तसले पट्टे उठलेत. मॅडम म्हणाल्या, रंग फिका होईल, पट्टे जाणार नाहीत.

ट्यूब लावली की आधी बरं का वाटायचं, हेही त्यांनी नीट समजावून सांगितलं. स्टेरॉइडनं लाली आणि खाज दबते, जंतू तिथंच असतो. शिवाय बुरशीची काही मलमं ह्या जंतूलाही थोडीफार मारतात. म्हणजे शत्रू निम्मा मरायचा, उरलेला बसून राहायचा आणि मला वाटायचं औषध लागू पडलंय. हे सांगायला त्यांनी सात-आठ मिनिटं दिली, बाहेर एकोणीस माणसं बसलेली असताना. दुसरा तारा.

आता आईची गंमत, खरं तर गंमत नव्हे. पोरगी उत्साहात बोलता बोलता म्हणून गेली की ह्याच कुळातला मोठा भाऊ म्हणजे घटसर्पाचा जंतू, कोरिनेबॅक्टेरियम डिप्थेरिये. आई माजघरात तांदूळ निवडत होती. तिच्या हातातलं सूप तिथंच थांबलं. तिची धाकटी बहीण सहाव्या वर्षी घटसर्पानं गेली. घशात पांढरा पडदा, मान बैलासारखी सुजलेली, खानापूरच्या बाजूचं आडगाव, बैलगाडी निघेपर्यंत खेळ संपला होता. हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. त्या दिवसापासून आईनं माझा पेला वेगळा केला आणि भावाच्या चार वर्षांच्या पोराला माझ्या मांडीवर बसू देईना. पोरीनं समजावलं, मी समजावलं. आई म्हणायची, "नावात तेच हाय न्हवं?"

शेवटी पुढच्या खेपेला आईलाच घेऊन गेलो. मॅडमनी तिला खुर्ची दिली आणि त्यांच्या त्या हुबळी-मराठीत सांगितलं, "आज्जी, आडनाव एक असला म्हणून सगळे चोर नसतात." मग पुढं सांगितलं ते मलाही नवीन होतं. घटसर्पाचा जंतू नुसता घशात बसला म्हणून माणूस मरत नाही. तो विष सोडतो, ते विष हृदयाला आणि नसांना मारतं. आणि ते विष करायची विद्या जंतूची स्वतःची नाही. त्याच्यात शिरलेल्या एका विषाणूकडून ती येते. तो विषाणू नसेल तर हाच जंतू ते विष करू शकत नाही. माझ्या जांघेतला चुलतभाऊ हे विष करतच नाही. आईला विषाणूचं काय कळलं ठाऊक नाही, पण 'दुसऱ्याच्या नादानं बिघडलेला' हे तिला पक्कं पटलं. पेला परत आला.

घरी पोरीनं पुरवणी जोडली. लोफ्लरनं १८८४ मध्ये हा जंतू वेगळा वाढवून दाखवला. रू आणि यर्सिन ह्यांनी १८८८ मध्ये पॅरिसमध्ये दाखवलं की जंतू गाळून काढले तरी उरलेलं पाणी जनावराला मारतं, म्हणजे मारणारं विषच. त्या विषावरचा उतारा शोधणाऱ्या बेरिंगला १९०१ मध्ये वैद्यकातलं पहिलं नोबेल मिळालं. मी मनात गणित केलं. नोबेल मिळून पन्नास वर्षं उलटून गेल्यावर माझी मावशी बैलगाडीची वाट बघत गेली.

मॅडमनी भावाच्या पोराच्या लशींचं कार्ड मागितलं. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या, मग दीड वर्षाची, सगळ्या झाल्या होत्या. पाच वर्षांचा बूस्टर राहिलाय, तो चुकवू नका म्हणाल्या. धाकट्याला दहाव्या वर्षीची टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस, मिळाली होती का, ते आम्हाला कुणालाच आठवेना. शाळेत पोरांना दिली होती म्हणतात, हा त्या दिवशी गैरहजर. गुरुवारी उपकेंद्रात नेऊन टोचून आणली. त्वचेच्या डॉक्टरनं जांघेचं दुखणं बघता बघता घरातल्या दोन पोरांच्या लशींची चौकशी केली, ह्याला मी तिसरा तारा देतो.

ह्या कुळाबद्दल एवढं ऐकून मलाच नाद लागला. रात्री जेवल्यावर पोरगी आणि मी मोबाइलवर बघत बसायचो. आजवर लॅबच्या रिपोर्टवर 'डिप्थेरॉइड', म्हणजे घटसर्पाच्या जंतूसारखं दिसणारं काहीतरी, असं लिहिलं की डॉक्टर ते पान उलटायचे. चामडीवरचा कचरा, सॅम्पल घेताना आला असेल, संपलं. कारण हे जंतू खरंच सगळ्यांच्या चामडीवर, नाकात, काखेत राहतात. पण त्यातलेच काही आता दवाखान्यांत नाव काढू लागलेत. स्ट्रायाटम नावाचा एक अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना गाठतो आणि बहुतेक औषधांना दाद देत नाही. जेइकियम नावाचा दुसरा, त्याचं नाव जॉन्सन आणि के ह्या दोन डॉक्टरांच्या आद्याक्षरांवरून पडलं, जे आणि के. क्रोपेनस्टेडटाय म्हणून एक आहे, १९९८ मध्ये नामकरण झालेला. तो चरबीवर जगतो आणि बायकांच्या छातीत गाठी करतो, त्या कधी टीबीच्या वाटतात, कधी कॅन्सरच्या. साध्या कल्चरमध्ये तो नीट वाढत नाही, चरबीयुक्त खाद्य द्यावं लागतं, म्हणून रिपोर्ट कोरा येतो. आपल्याकडं टीबी एवढा, की अशी गाठ दिसली की मन आधी तिकडंच धावतं. आणि टीबीचा जंतूही ह्यांचा लांबचा नातेवाईक. मेणासारखं जाड आवरण दोन्ही घराण्यांत आहे.

सगळेच वाईट आहेत असंही नाही. पोरांच्या नाकात राहणारा अ‍ॅकोलेन्स नावाचा कोरिनेबॅक्टेरियम चरबी फोडून असली आम्लं तयार करतो की न्युमोनियाच्या जंतूला तिथं वाढणं जड जातं, हे २०१६ मध्ये अमेरिकेत प्रयोगशाळेत दाखवलंय. ग्लुटॅमिकम नावाचा भाऊ तर कारखान्यात नोकरीला आहे. १९५० च्या दशकात जपान्यांनी तो शोधला आणि अजिनोमोटोचं ग्लुटामेट आज त्याच्याकडूनच करून घेतात. म्हणजे संध्याकाळी गाड्यावर गोबी मंचुरियन खाताना आम्ही ह्याच खानदानाचं खातो. हे ऐकून बायकोनं ताट सरकवलं.

घामाला स्वतःचा वास नसतो, हेही तेव्हाच कळलं. काखेतला घाम बाहेर येतो तेव्हा जवळपास बिनवासाचा असतो. हे कोरिनेबॅक्टेरिया त्यातले जोडलेले रेणू तोडतात आणि आम्लं मोकळी होतात, त्यांचा तो वास. बाकावरच्या बायका माझ्यापासून उठून गेल्या नव्हत्या, माझ्या भाडेकरूंपासून गेल्या होत्या.

पायाचं राहिलं. तळव्यांना, टाचेला आणि चवड्याला, बारीक खड्डे पडले होते, वाळूवर पावसाचे पहिले थेंब पडावेत तसे. मी ते शूजमुळं समजत होतो. मॅडम म्हणाल्या हा तिसरा प्रकार, पिटेड केराटोलायसिस. ह्यात कोरिनेबॅक्टेरियम असतो किंवा कायटोकॉकस नावाचा त्याचा गणगोत. ओल्या, बंद बुटात चामडीचा वरचा कठीण थर ते खाऊन टाकतात, म्हणून खड्डे आणि म्हणून तो घरादाराला उठवणारा वास. १९१० मध्ये कॅस्टेलानी नावाच्या डॉक्टरनं श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, हा पहिल्यांदा नोंदवला. आमच्या शिफ्टमधल्या निम्म्या लोकांना तो आहे. मी आता सगळ्यांचे तळवे बघत सुटलोय.

औषध असं. जांघेत आणि काखेत क्लिंडामायसिनचं पाण्यासारखं लोशन, दिवसातून दोनदा, दोन आठवडे. क्लॅरिथ्रोमायसिनच्या दोन गोळ्या एकाच वेळी, एकदाच. बोटांमध्ये बुरशीचं साधं मलम, बिनस्टेरॉइडचं. तळव्यांना बेन्झॉइल पेरॉक्साइड, जे पोरी तोंडाच्या पुटकुळ्यांना लावतात. ही नावं वाचून थेट मेडिकलमध्ये जाऊ नका, मी अकरा महिने तेच करत होतो. त्याशिवाय दोन जोडी सेफ्टी शूज, एक घालायचा, एक उन्हात वाळवायचा. दुपारच्या सुट्टीत मोजे बदलायचे. कंपनी वर्षाला एकच जोडी देते, दुसरी मी खिशातून घेतली, १,४५० रुपये. मोजे बदलायला लागलो त्या दिवशी पोरं म्हणाली, "काय करूलालास, लग्नाला निघालास काय?" आता तिघं बदलतात.

आणि साखर. एवढ्या ठिकाणी पसरलंय म्हटल्यावर मॅडमनी रक्त तपासायला लावलं, कारण मधुमेह असेल तर हा जंतू जास्त पसरतो. तीन महिन्यांची सरासरी ७.९ आली. मला पत्ताच नव्हता. कुंद्याचा डबा त्या दिवशी शेजारी गेला. फिजिशियनकडं आता वेगळी फाइल आहे, ते प्रकरण इथलं नव्हे, पण ह्या शोधासाठी चौथा तारा द्यायलाच लागला.

खर्च : फी ५०० रुपये, काचेवरची तपासणी ३००, औषधं ६४०. दुसऱ्या दिवसाची फी खरंच घेतली नाही. चौदा ट्यूबांचा हिशोब बायकोनं केलाय, मला सांगत नाही.

आता कापलेला तारा. जिना अरुंद आणि उभा, म्हातारी माणसं कठड्याला धरून चढतात. आईला चढवताना मला दोनदा थांबावं लागलं. नंबर देतात पण पाळत नाहीत, मधूनच ओळखीचा माणूस घुसतो आणि रिसेप्शनवरची मुलगी मान खाली घालते. हे सगळं मी सोडून दिलं असतं. पण त्या आतल्या खोलीचा पडदा! तो कड्यांवर पूर्ण सरकतच नाही, चार बोटांची फट राहते. तपासणी अंधाराची, रुग्ण अर्धा उघडा, आणि फटीतून बाहेरच्या ट्यूबलाइटचा पट्टा आत. उजेडानं दिव्याखालचं फिकं दिसतं हा एक भाग. दुसरा भाग असा की पहिल्या दिवशी त्या फटीतून मला पाण्याच्या कॅनपाशी उभा असलेला आमच्याच गल्लीतला एक गृहस्थ दिसला. मला तो दिसला म्हणजे त्यालाही मी दिसलो असणार. तेव्हापासून तो देवळात भेटला की जरा जास्तच आदरानं बोलतो. मॅडमना पडद्याचं सांगितलं, त्या म्हणाल्या करते. तीन खेपांत झालं नाही. दोनशे रुपयांचं काम आहे, माझ्याकडं ड्रिल मशीन आहे, सांगितलं तर मीच येऊन बसवून देईन.

शेवटची खेप तीन आठवड्यांनी. पुन्हा ड्युटीवरून थेट, पुन्हा बिनआंघोळीचा. चट्टे फिकट तपकिरी उरले होते, खाज नव्हती. ह्या वेळी पडद्याची फट मी स्वतः हातानं धरली. दिवा लागला. लाल काही नाही. फक्त मांडीवर इथं तिथं निळे-पांढरे ठिपके चमकत होते, चांदण्यांसारखे. माझ्या पोटात गोळा आला. विचारलं, मॅडम, हे कुठलं नवीन कोरिने?

त्या वाकून बघत म्हणाल्या, "हे तुमच्या टॉवेलचे धागे. आणि तुमच्या बायकोचं धुण्याचं पावडर."